‘राज्य म्हणून मान्यता’ म्हणजे नेमकं काय? दूध संस्था, सातबारा आणि वळिवड्यावरून समजून घेऊ

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि लगोलग फ्रान्स, अशा एकामागून एक देशांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिल्याच्या बातम्या येत होत्या. मी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सकाळचं दूध घेत उभा होतो. तिथे म्हशी घेऊन येणाऱ्या तात्यांनी पेपराची घडी माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवून विचारलं, “मास्तर, ह्यात लिवलंय बगा, पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता. म्हंजे आपल्या महाराष्ट्रागत व्हय?”

मी राज्यशास्त्र शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर राज्याचे चार घटक लिहीत आलो आहे. तरी त्या क्षणी एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, कारण तात्यांची शंका अगदी रास्त होती. महाराष्ट्र राज्य, पॅलेस्टाईनचं राज्य, शिवाजी महाराजांचं राज्य, ‘काय राज्य चाललंय हे’ असं म्हणतो तेव्हाचं राज्य, या सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. त्यात देश, राष्ट्र, सरकार, शासन हे शब्दही एकमेकांच्या जागी सर्रास बसवतो. मग बातमी कळणार कशी?

तात्यांना दुसऱ्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कोल्हापुरात हा विषय समजून घेणं खरं तर सोपं आहे. राज्याचा एखादा घटक नसला की काय होतं, ते या गावाने फार जवळून पाहिलं आहे.

गावातली दूध संस्था डोळ्यांसमोर आणा

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातली दूध संस्था घ्या. तिला सभासद असतात. तिचं कार्यक्षेत्र ठरलेलं असतं, अमुक गाव आणि अमुक वाड्या. कारभार बघायला संचालक मंडळ असतं. पोटनियम असतात, निवडणुका होतात, दूध बिलातून कपात होते, दिवाळीला दूधदराचा फरक वाटला जातो. म्हणजे माणसं आहेत, जागा आहे, कारभारी आहेत, नियम आहेत, वसुलीसुद्धा आहे.

राज्याचंही असंच. १९३३ मध्ये उरुग्वे देशाच्या माँटेव्हिडिओ शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी एक करार केला. राज्य कशाला म्हणायचं याची आज सगळ्यात जास्त उद्धृत होणारी व्याख्या त्या करारात आहे. कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, असे चार घटक तिथे सांगितले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत चौथ्या घटकाच्या जागी सार्वभौमत्व असतं. सार्वभौमत्व म्हणजे आपल्या हद्दीत शेवटचा शब्द आपला असणं आणि बाहेरच्या कुणाच्या हुकमाखाली नसणं. हा जड शब्द इथे एकदा सांगितला, पुढे शक्यतो ‘शेवटचा शब्द’ असंच म्हणेन.

पहिल्या दोन घटकांत फार अडायला नको. लोक किती हवेत, जमीन किती हवी, याला किमान मर्यादा नाही. व्हॅटिकन हे राज्य आहे आणि त्याचं क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरही नाही. आपल्या रंकाळ्यात ते आरामात मावेल. तिथली वस्ती हजाराच्याही आत आहे. सीमेचा इंच न् इंच वादातीत हवा, असंही नाही. भारताच्याच सीमेचे काही भाग वादात आहेत, म्हणून भारत राज्य नाही असं कुणी म्हणत नाही. शेताच्या बांधावरून भांडण असलं तरी शेत असतंच की.

सरकार बदललं म्हणून राज्य बदलत नाही

संस्थेत पॅनेल पडतं, दुसरं येतं. चेअरमन बदलतात. संस्था तीच राहते. आधीच्या मंडळाने कर्ज काढून घेतलेलं शीतकरणाचं यंत्र ‘ते त्यांचं होतं, हप्ता आम्ही का भरू’ असं नव्या मंडळाला म्हणता येत नाही, कारण कर्ज संस्थेच्या नावावर असतं.

राज्य आणि सरकार यांतला फरक हाच आहे. सरकार म्हणजे आजचं संचालक मंडळ आणि राज्य म्हणजे संस्था. दिल्लीत कुणाचंही सरकार येवो, आधीच्या सरकारने दुसऱ्या देशाशी केलेला तह नव्या सरकारवर बंधनकारक राहतो, कारण त्यावर सही भारताची असते. सरकारवर टीका करणं म्हणजे राज्याशी वैर करणं नव्हे, हेही यातूनच येतं. चेअरमनच्या कारभारावर वार्षिक सभेत खडे बोल सुनावणारा सभासद संस्थेचा शत्रू नसतो. बऱ्याचदा त्यालाच संस्थेची सगळ्यात जास्त काळजी असते.

सरकार पार कोसळलं तरी राज्य लगेच संपत नाही. १९९१ मध्ये सोमालियातली केंद्रीय सत्ता ढासळली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे देशभर चालणारं सरकारच नव्हतं. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सोमालिया कायम राहिला. मंडळ नसलं तरी संस्थेची नोंद आपोआप रद्द होत नाही.

पण जोर तर तालमीतही असतो

वर्गात हमखास येणारा प्रश्न असा, की लोकांना धाकात ठेवणं, वसुली करणं हे गुंडांची टोळीही करते, मग राज्यात आणि टोळीत फरक काय?

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१९ च्या एका व्याख्यानात याचं उत्तर दिलं. ठरावीक भूप्रदेशात शारीरिक बळ वापरण्याचा अधिकृत हक्क यशस्वीपणे फक्त आपल्याकडे ठेवणारी व्यवस्था म्हणजे राज्य, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. यातला ‘अधिकृत’ हा शब्द महत्त्वाचा.

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. पहाटे लाल मातीत मेहनत करणाऱ्या पोरांच्या अंगात पोलिसापेक्षा जोर जास्त असेल. वस्तादांच्या शब्दाला पेठेत वजन असतं. दोन भावांचं भांडण त्यांनी मिटवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. एक भाऊ रागाने थरथरत होता, वस्तादांनी नुसता खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली बसला. पण तो भाऊ उठून गेला असता तर? वस्ताद त्याला कोठडीत टाकू शकत नव्हते. त्यांचा अधिकार मानण्यावर होता, आणि न मानणाऱ्यावर तो चालत नाही. राज्याचा कायदा न मानणाऱ्यावरही चालतो. तालीम सोडता येते, दूध संस्थेचा राजीनामा देता येतो. राज्याचा राजीनामा मात्र घरात बसून देता येत नाही. जन्मतःच आपण कुठल्या ना कुठल्या राज्याच्या हिशेबात येतो.

टोळीकडे बळ असतं, पण ते अधिकृत आहे असं तिचे बळीसुद्धा मानत नाहीत. राज्याच्या बळामागे कायदा असावा लागतो, आणि ते बळ वापरणारा पोलिसही त्याच कायद्याला बांधलेला असावा लागतो. ही दुसरी अट सुटली, की फरक पुसट होत जातो. माझ्या मते राज्याबद्दल बोलताना सगळ्यात जास्त जपावी अशी अट हीच आहे.

वर निबंधक नसणं

आता मुख्य मुद्दा. दूध संस्थेत एवढं सगळं असूनही ती राज्य का नाही? तिच्यावर निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी, बसलेला असतो म्हणून. १९६० च्या सहकार कायद्याखाली तिची नोंदणी होते, तिचं लेखापरीक्षण होतं, आणि कारभार फारच बिघडला तर मंडळ बरखास्त होऊन प्रशासक येतो. संस्थेचा आपल्या आवारात शेवटचा शब्द नसतो.

हे समजलं की कोल्हापूर संस्थान समजतं.

कोल्हापूरला छत्रपतींची गादी होती, एकोणीस तोफांची सलामी होती, दरबार होता, न्यायालयं होती, पोलीस होते, महसूल होता. १८९१ मध्ये कोल्हापूर ते मिरज स्वतःची रेल्वे सुरू झाली. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आजच्या कित्येक सार्वभौम देशांनी त्या काळी विचारही केला नव्हता, असा हा कारभार.

तरीही शेवटचा शब्द कोल्हापूरचा नव्हता. १८१२ च्या तहानंतर इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध करता येत नव्हतं. परराष्ट्रांशी स्वतंत्र व्यवहार नव्हता. गादीवर दत्तक कोण येणार, यालाही वरची संमती लागे. १८५७ च्या उठावानंतर खुद्द छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं. ते तिथेच वारले. आज चिमासाहेब चौकातून आपण रोज जातो. ज्या दरबाराला आपल्याच राजबंधूंना घरी ठेवता आलं नाही, त्या दरबाराची मर्यादा त्या चौकाच्या नावात आहे. १८८३ मध्ये चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना गेले, तेव्हा ते ऐन विशीत होते. हे वाचताना मला आजही त्रास होतो.

म्हणजे सार्वभौम असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाहू महाराजांचं कोल्हापूर उत्तम चालवलेली संस्था होती, पण वर निबंधक होता आणि तो इंग्रज रेसिडेंटच्या रूपाने गावातच राहत होता.

१५ ऑगस्ट १९४७ ला ते निबंधकाचं कार्यालयच बंद झालं. देशातल्या साडेपाचशेहून अधिक संस्थानांवरचं इंग्रजांचं अधिराज्य त्या दिवशी संपलं. संस्थानांनी आधी सामीलनामे लिहून दिले. त्यांत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारताकडे गेले. मग विलीनीकरण झालं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं.

माझी आजी १९३१ साली मंगळवार पेठेत जन्मली आणि लग्नानंतर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. तिच्या ट्रंकेत कागदांची एक चळत होती. सगळ्यात खाली करवीर सरकारचा, म्हणजे कोल्हापूर संस्थानाचा शिक्का असलेला, कडा करपल्यासारखा दिसणारा जाड कागद होता. त्याच्या वर मुंबई प्रांताचा, मग मुंबई राज्याचा, आणि सगळ्यात वर महाराष्ट्र शासनाचा. आजी पेठ सोडून कुठे गेली नव्हती. पंचगंगा तीच, अंबाबाई तीच, शेजारीपाजारी तेच. लोक तेच आणि जमीन तीच राहून राज्य बदलू शकतं, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी त्या ट्रंकेने शिकवलं.

हे सगळं पाश्चात्त्यांचंच ना?

असा आक्षेप येतो, आणि तो अर्धाच खरा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राज्याची सात अंगं सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. जनपद म्हणजे जमीन आणि तिच्यावरची माणसं. स्वामी आणि अमात्य म्हणजे सरकार. दंड आणि दुर्ग म्हणजे वेबर ज्याबद्दल बोलले ते बळ. आणि मित्र म्हणजे बाहेरच्यांशी संबंध. माँटेव्हिडिओच्या चार घटकांपैकी एकही इथे सुटलेला नाही, उलट तिजोरी जास्तीची सांगितली आहे.

आपल्या मातीतलंच हवं असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचं राजनीतीवरचं आज्ञापत्र आहे. हे अमात्य घराणं म्हणजे आपले गगनबावड्याचे बावडेकर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या ग्रंथात किल्ल्यांना संपूर्ण राज्याचं सार म्हटलं आहे. पन्हाळ्यावर उभं राहून वारणेकडे पाहिलं की ते पटतं. त्याच वारणेच्या नावाने १७३१ मध्ये सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये तह झाला आणि नदी ही हद्द ठरली. तेव्हा दोन राज्यांच्या मधून वाहणारी वारणा आज कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते.

आधुनिक कल्पनेत नवं आहे ते एवढंच, की शेवटचा शब्द राजाचा नसून राज्याचा असतो, आणि लोकशाहीत तो लोकांकडून येतो.

जमीनच गेली तर? वळिवड्याचे पोलिश

कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात वळिवडे लागतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं त्यांनी तिथे उभं केलं होतं. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरचं स्मारक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा अनेकांनी त्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं.

ही माणसं इथे आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना सायबेरियात आणि रशियाच्या इतर दूरच्या भागांत पाठवलं गेलं. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे काही जण भारतात पोहोचले.

आता घटक मोजून बघा. जमीन पूर्ण परक्यांच्या ताब्यात. लोक जगभर विखुरलेले, त्यांतले काही पंचगंगेच्या काठी. सरकार लंडनमध्ये भाड्याच्या जागेत. तरीही पोलंड हे राज्य आहे असं ब्रिटन, अमेरिका आणि इतर अनेक देश मानत होते. मुंबईत पोलंडचा वाणिज्यदूत होता आणि वळिवड्याच्या छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. बळाने जमीन बळकावली म्हणून मूळ मालकाचा हक्क बुडत नाही, हे तत्त्व इथे कामी आलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. राज्य तेच, फक्त त्याच्या नावाने बोलणारे बदलले. वळिवड्यातल्या बऱ्याच बायकांची घरं पोलंडच्या पूर्व भागात होती, आणि तो भाग आता सोव्हिएत संघात गेला होता. त्यांचं राज्य परत उभं राहिलं, पण त्यांचं गाव त्यात नव्हतं. मग कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आणखी कुठे. मान्यता, सीमा, सरकार हे शब्द परीक्षेतल्या टिपांसारखे वाटतात तेव्हा मी विद्यार्थ्यांना वळिवड्याला घेऊन जातो.

राष्ट्र आणि राज्य यांतला फरकही पोलंडवरूनच कळतो. राष्ट्र म्हणजे ‘आपण एक आहोत’ ही भावना, आणि राज्य म्हणजे त्या भावनेला मिळालेलं किंवा न मिळालेलं घर. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. तीन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता. पण पोलिश भाषा, पोलिश गाणी आणि आपण पोलिश आहोत ही जाणीव टिकली. पश्चिम आशियातले कुर्द लोक आजही राष्ट्र आहेत, राज्य नाहीत.

मान्यता म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद

आता तात्यांच्या बातमीकडे येऊ. मान्यता म्हणजे एका राज्याने दुसऱ्याला ‘तू राज्य आहेस असं आम्ही धरतो’ असं अधिकृतपणे कळवणं.

जमिनीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या असतात हे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एक वहिवाट, म्हणजे प्रत्यक्षात कोण कसतंय. दुसरी सातबाऱ्यावरची नोंद, म्हणजे कागदावर नाव कुणाचं. बहुतेक वेळा दोन्ही एकाच माणसाची असतात. भानगड होते ती जिथे नसतात तिथे.

तैवानकडे वहिवाट पूर्ण आहे. सव्वादोन कोटींहून जास्त लोक, स्वतःचं सैन्य, चलन, निवडणुका, पासपोर्ट. पण १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैवानकडून बीजिंगकडे गेली, आणि आज जेमतेम डझनभर देश तैवानला राज्य मानतात. सोमालियातून वेगळा झालेला सोमालीलँड १९९१ पासून स्वतःचा कारभार चालवतो आहे. जगातल्या बहुतेक देशांच्या उताऱ्यावर तरी त्याचं नाव नाही.

पॅलेस्टाईनचं नेमकं उलट आहे. भारताने १९८८ मध्येच मान्यता दिली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला सदस्य नसलेल्या निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. आज १९३ सदस्य देशांपैकी दीडशेहून अधिक देशांच्या उताऱ्यावर त्याचं नाव आहे. पण जमिनीचा ताबा, सीमेवरची ये-जा, आकाश आणि किनारा यांवर त्याचा शेवटचा शब्द नाही. नाव आहे, वहिवाट नाही.

मग राज्य ठरतं कशावरून? यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, चार घटक पूर्ण झाले की राज्य जन्मलं, मान्यता ही नुसती नोंद. माँटेव्हिडिओ करारात तसंच स्पष्ट म्हटलं आहे, की राज्याचं अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. दुसरा तट म्हणतो, इतरांनी मानल्याशिवाय तुमच्याशी तह कोण करणार, दूतावास कोण उघडणार? मला पहिली बाजू तत्त्व म्हणून बरोबर वाटते, कारण नाहीतर छोट्या देशांचं असणं-नसणं बड्यांच्या मर्जीवर जाईल. पण ज्याच्या नावाची नोंद नाही त्याला बँक कर्ज देत नाही, हेही खरंच आहे.

आणि मान्यता हा राजकीय निर्णय असतो. तिथे तलाठ्यासारखे ठरलेले नियम नसतात. कोसोवोने २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिकेने मान्यता दिली, भारताने दिली नाही. दोघांसमोरची कागदपत्रं तीच होती.

मग महाराष्ट्र हे राज्य नाही?

आहे, पण दुसऱ्या अर्थाने. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे असं म्हटलं आहे. या राज्यांना अभ्यासात घटकराज्य म्हणतात. त्यांना स्वतःचं विधिमंडळ आहे, ठरावीक विषयांत पक्के अधिकार आहेत. पण ती दुसऱ्या देशाशी तह करू शकत नाहीत, आणि अनुच्छेद ३ नुसार त्यांच्या सीमा संसद बदलू शकते.

कोगनोळीजवळून निपाणीला जाताना हे लक्षात ठेवा. कोरोनाच्या काळात तिथे चाचणीचा अहवाल मागत गाड्या अडवल्या तेव्हा ‘परदेशात चाललोय काय’ असा संताप लोक व्यक्त करत होते. त्या संतापात राज्यशास्त्र होतं. भारतभर फिरण्याचा हक्क नागरिकाला संविधानाने दिला आहे. साथीच्या काळात त्यावर वाजवी बंधनं येतात, पण ती सीमा दोन देशांची होत नाही. बेळगाव, निपाणी, कारवारचा प्रश्नही म्हणूनच सैन्याने सुटणारा नाही. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोघांच्या वर कुणीतरी आहे म्हणून दावा लावता आला.

आणखी स्पष्ट उदाहरण पाण्याचं. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. तेव्हा सगळ्या कोल्हापूरची नजर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाकडे होती. धरणात पाणी कुठवर साठवायचं हे कर्नाटक एकटं ठरवू शकत नाही आणि महाराष्ट्रही हुकूम सोडू शकत नाही. त्यासाठी कृष्णा पाणी तंटा लवाद आहे. त्याने २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरपर्यंत साठ्याला परवानगी दिली, तिच्याविरुद्धचा लढा अजून चालू आहे. याच्याशेजारी सिंधू नदी ठेवून पाहा. भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९६० मध्ये पाणीकरार झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. कर्नाटकाला लवादाचा निवाडा असा स्थगित ठेवता येणार नाही. सार्वभौम राज्य आणि घटकराज्य यांच्यातलं अंतर एवढं आहे.

आणि महापालिका सुद्धा ‘राज्य’

शब्दाचा तिसरा अर्थ आपल्या सगळ्यात कामाचा आहे. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्याविरुद्ध मागता येतात. पण राज्य म्हणजे कोण? अनुच्छेद १२ सांगतो: केंद्र सरकार आणि संसद, घटकराज्यांची सरकारं आणि विधिमंडळं, आणि सर्व स्थानिक व इतर प्राधिकरणं. म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळे त्यात आले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळालाही त्यात धरलं. क्रिकेट नियामक मंडळ मात्र राज्य नाही, असा निकाल २००५ मध्ये लागला.

समजा, एखाद्या स्थानिक संस्थेने सुनावणी न घेता कुणाची टपरी उचलली. तर तो ‘राज्याने’ समानतेचा आणि उपजीविकेचा हक्क डावलल्याचा प्रश्न होऊ शकतो, आणि उच्च न्यायालयात याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी चार दशकांहून जास्त काळ मागणी लावून धरली होती. राज्याला जाब विचारायची जागा पावणेचारशे किलोमीटरवर असते तेव्हा गरिबाचा हक्क कागदावरच राहतो.

“मग कब्ज्याचं कोण बगणार?”

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणाले, “म्हंजे उताऱ्यावर नाव चढलं, कब्जा न्हाई. मग कब्ज्याचं कोण बगणार? वर मामलेदार कोण हाय?”

याचं उत्तर मी त्यांना होतं तसं दिलं. सार्वभौम राज्यांच्या वर मामलेदार नाही. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद आहे. तिथे पंधरा सदस्य असतात आणि त्यांतल्या पाचांना नकाराधिकार आहे. एप्रिल २०२४ मध्ये पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्यत्व देण्याच्या ठरावावर मतदान झालं. बारा देश बाजूने होते, दोन तटस्थ राहिले आणि एकट्या अमेरिकेने नकाराधिकार वापरला. ठराव पडला.

तात्यांनी पेपराची घडी केली आणि चरवी हातात घेतली. “बारा जणांनी हात वर केला तरी?”

“हो,” मी म्हणालो. “तरी.”